वाईच्या परसात आलेला शिकारी पक्षी कोणता? एक प्रकरण

मावशीचं घर वाईत, गावाच्या कडेला. पुढे रस्ता आणि मागे सिमेंटच्या ब्लॉकचं कंपाउंड घातलेलं परस. त्यात एक पेरू, एक शेवगा, पाण्याची टाकी, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं. कंपाउंडपलीकडे शेतं. ऑगस्टमध्ये या परसात एक शिकारी पक्षी दिसायला लागला. त्याच सुमाराला कोंबडीची तीन पिल्लं नाहीशी झाली, आणि घरच्यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घालून टाकली. मला मेसेज आला तो असा: "अगं, परसात ससाणा येतोय. काका म्हणतात बहिरी ससाणाच आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात घारीचं पिल्लू. नातवाच्या मोबाईलमधलं ॲप शिक्रा म्हणतंय. फोटो पाठवलेत. बघ आणि लवकर सांग, काका गलोल शोधतायत."

फोटो दोन होते. पहिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला: पक्षी कंपाउंडच्या भिंतीवर, आपल्याकडे पाठ करून, मान जराशी वळवून बसलेला. दुसरा शेवग्याच्या झाडातला: पक्षी समोरून, पण पानांआड, छातीवर उभे तपकिरी फराटे. मोबाईलवर झूम करून काढल्यामुळे दोन्ही धूसर. अशा फोटोंत रंगाच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. पावसाळी उजेडात तपकिरी पक्षी काळा दिसतो आणि राखाडी पक्षी तपकिरी. मी आधी आकाराकडे वळले.

मावशीच्या म्हणण्याप्रमाणे पक्षी "घारीएवढा मोठा" होता. घाबरलेल्या माणसाला शिकारी पक्षी नेहमीच मोठा दिसतो, आणि तो खुराड्याकडे बघत असेल तर आणखी मोठा. पण पहिल्या फोटोत मोजपट्टी आयती होती. कंपाउंडचे ब्लॉक नेहमीच्या मापाचे, म्हणजे सोळा इंच लांब आणि आठ इंच उंच. पक्ष्याची पाठ आपल्याकडे असल्याने शेपूट भिंतीच्या अलीकडच्या अंगाला लोंबत होती आणि तिचं टोक सगळ्यात वरच्या ब्लॉकच्या खालच्या सांध्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पक्षी भरला उंचीच्या मापाने दीड ब्लॉक, म्हणजे बारा इंच, तीस सेंटिमीटरच्या आसपास. घार साठ सेंटिमीटरच्या घरातली. घारीचं पिल्लू एकदा घरट्यातून उडालं की जवळजवळ आईबापांएवढंच असतं, त्यामुळे 'लहान घार' असा पक्षी कंपाउंडवर येऊन बसत नाही. वहिनींचं म्हणणं इथे निकालात निघालं.

काकांचं म्हणणं खोडायला पंख पुरेसे होते. बहिरी ससाणा, तुरुमती, खरुची ही सगळी ससाण्यांची जात. त्यांचे पंख लांब आणि टोकदार असतात. पक्षी बसलेला असताना मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत किंवा त्याच्या जवळपास जातात. भिंतीवरच्या पक्ष्याचे पंख शेपटीच्या निम्म्यावर संपत होते, खाली आडव्या गडद पट्ट्यांची लांब शेपूट मोकळी. आखूड पंख आणि लांब शेपूट हा बांधा झाडाझुडपांतून वाट काढत झडप घालणाऱ्या पक्ष्यांचा. शिवाय मान वळवलेली असल्याने डोळा दिसत होता, आणि तो पिवळा होता. ससाण्यांचे डोळे गडद तपकिरी, लांबून काळेच वाटणारे, आणि बहुतेकांच्या डोळ्याखाली मिशीसारखा काळा ओघळ. तो इथे नव्हता. बहिरी ससाण्याचं नाव काकांनी ऐकून घेतलेलं, पक्षी पाहिलेला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "काका, बहिरी उघड्या आभाळात उडत्या पाखराला वरून सूर मारून पकडतो, तुमच्या शेवग्यात लपून बसायचं त्याला काही कारण नाही."

एवढ्यावर ॲपचं शिक्रा हे उत्तर मान्य करून मोकळं होता आलं असतं. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, बागेत, शहरातल्या सोसायटीच्या झाडावर जो लहान शिकारी पक्षी दिसतो तो बहुतेक वेळा शिक्राच असतो. ॲपनेही दोन्ही फोटोंना तेच नाव दिलं होतं. नातवाची वेगळीच अडचण होती: ॲपमधलं शास्त्रीय नाव त्याच्या पुस्तकातल्या नावाशी जुळत नव्हतं. त्यात काही घोटाळा नाही. शिक्र्याला इतकी वर्षं ॲसिपिटर बॅडियस म्हणत. जनुकीय अभ्यासानंतर त्या मोठ्या गटाची फोड झाली आणि 2024 मध्ये जगातल्या प्रमुख पक्षी-याद्यांनी शिक्र्याला टॅकिस्पायझा या गटात नेलं. पुस्तक जुनं, यादी नवी, पक्षी तोच.

अडलं ते दुसऱ्या फोटोपाशी. शेवग्यातला पक्षी पहिल्यासारखाच तपकिरी, तेवढाच मोठा, शेपटीवर तसेच पट्टे. पण त्याची बैठक मला पटेना. शिक्रा फांदीवर ताठ बसतो, जवळजवळ उभा. हा पुढे कललेला, आडवा, पंख सैल सोडून शेपटीच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबवलेले. चोचही पटेना. शिकारी पक्ष्याची चोच मुळापासूनच वाकते, टोकाला आकडा असतो, आणि चोचीच्या बुडाशी पिवळी, मेणचट कातडी असते. इथे चोच सडपातळ, बरीचशी सरळ, टोकाशी किंचित वाकलेली, आणि बुडाशी ती कातडी नाही. तरी पानांची सावली पडलेल्या फोटोत चोचीवर शपथ घेऊ नये. म्हणून मावशीला म्हटलं, मूळ फोटो पाठव, व्हॉट्सॲपवर दाबलेला नको. मूळ फोटो आला आणि त्यात पाय दिसला. पाय कसला, फांदीला धरलेली बोटं: दोन पुढे, दोन मागे.

शिक्र्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. दोन पुढे आणि दोन मागे ही ठेवण कोकीळकुळातली. फांदीवर पक्कं बसायला ती बरी. शेवग्यातला पक्षी शिकारी नव्हताच. तो पावशा होता, आणि छातीवर उभे फराटे असल्याने लहान, यंदाचाच.

पावशा सगळ्यांना माहीत असतो तो आवाजाने. वळवाच्या सुमाराला 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत चढत जाणारा त्याचा सूर रात्रीसुद्धा ऐकू येतो. पाहिलेला मात्र फार थोड्यांनी असतो, आणि पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो शिक्रा म्हणून पाहिलेला असतो. मोठ्या पावशाची पाठ राखाडी, छाती तांबूस, पोटावर आडव्या रेघा: शिक्र्याची हुबेहूब नक्कल. तो उडतोही तसाच, दोन-चार वेळा पंख मारून तरंगत, आणि बसताना शिक्र्यासारखीच शेपूट हलवतो. नक्कल पिल्लांपर्यंत पोचलेली आहे. शिक्र्याचं पिल्लू तपकिरी आणि फराट्यांचं, तर पावशाचंही तसंच. पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि त्याची अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखीच निळी असतात. शिक्र्याचं रूप घेतल्याने लहान पक्षी घाबरून बाजूला होतात आणि त्याला घरट्यापर्यंत जाता येतं, असं या नकलेचं कारण सांगितलं जातं.

पण मग पहिल्या फोटोचं काय? भिंतीवरच्या पक्ष्याचे पाय दिसत नव्हते, पण तो ताठ बसला होता, डोकं चपटं आणि मान भरलेली, गालाच्या बाजूने दिसणाऱ्या चोचीचा बाक मुळापासूनचा. त्याला पावशा म्हणायला मी तयार नव्हते. दोन्ही फोटो एकाच परसातले, एकाच आठवड्यातले, म्हणून घरातल्या सगळ्यांनी पक्षी एकच धरला होता, आणि ॲपनेही त्यांच्या बाजूने कौल दिला होता. या प्रकरणात गोंधळ झाला तो नेमका इथे. प्रत्येक फोटो स्वतंत्र पक्ष्याचा समजून वाचला असता तर पहिल्या दिवशीच दोन उत्तरं आली असती. एकदा 'तो' म्हटलं की दुसऱ्या फोटोतल्या बोटांचा अर्थ पहिल्या फोटोतल्या चोचीला लावावा लागतो आणि काहीच बसत नाही.

मावशीला कळवलं की परसात दोन पक्षी असावेत आणि त्यातला एक शिकारी नाही. तिला ते मुळीच रुचलं नाही. "अगं, सातभाई त्याच्या अंगावर धावून जातात, उगाच का?" तिने व्हिडिओ पाठवला. पेरूच्या फांदीवर तो फराट्यांचा पक्षी, भोवती पाच-सहा सातभाई, आणि सातभाईंचा नेहमीचा, एकमेकांवर खेकसल्यासारखा कल्ला. मोबाईलच्या लहान पडद्यावर तो हल्लाच वाटतो. संगणकावर संथ करून पाहिला तेव्हा मधल्या आवाजात एक वेगळी चिरचिर ऐकू आली, न थांबणारी, मागणी करणारी. फांदीवरचा पक्षी पंख थरथरवत होता आणि चोच उघडून पुढे झुकत होता. एक सातभाई पुढे आला, त्याच्या उघड्या चोचीत स्वतःची चोच घातली, आणि मागे सरला. त्याच्या तोंडात अळी होती की टोळ हे दिसलं नाही, पण भरवणं स्पष्ट होतं. भरवणाऱ्याची मान पिल्लाच्या छातीपर्यंत येत होती. त्याने पाय जरा उचलूनच घास दिला.

व्हिडिओतला तेवढा तुकडा कापून मावशीला पाठवला. उत्तर आलं: "मेले, दुसऱ्याचं पोर पोसतायत!" काकांचं मत मात्र सातभाई बिनडोक असं पडलं. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. घरट्यात वाढलेल्या आणि तोंड उघडून मागणाऱ्या पिल्लाला भरवायचं, या नियमावर सातभाईंचा अख्खा थवा चालतो. थव्यातली आईबाप नसलेली मोठी पाखरंसुद्धा पिल्लांना भरवतात. पावशा नेमका त्या नियमावर जगतो.

पावशाची खात्री झाल्यावर राहिला भिंतीवरचा. मावशीने पुरावा म्हणून एक आवाजही पाठवला होता, रोज सकाळी विजेच्या खांबावरून येणारा, तीक्ष्ण, दोन सुरांचा, 'टी-टुई, टी-टुई'. हा शिक्र्याचाच आवाज म्हणून पुस्तकांत दिलेला असतो. तरी मी तो पुराव्यातून बाजूला काढला. तारेवर, खांबावर बसून शिक्र्याची नक्कल करण्यात कोतवाल पटाईत. साळुंक्यांना दचकवून उडवायचं आणि त्यांचं भक्ष्य पळवायचं, यासाठी तो ती वापरतो असं निरीक्षकांनी नोंदवलेलं आहे. रेकॉर्डिंग पुढे ऐकलं तर त्याच सुरांमागून कोतवालाची खास घोगरी किचकिच येत होती. मावशीला खांबाकडे बघायला सांगितलं. काळा पक्षी, दुभंगलेली शेपूट. म्हणजे एकाच परसात शिक्र्याचे दोन नकलाकार, एक रूपाचा आणि एक आवाजाचा.

खरा शिक्रा असेल तर त्याचा समोरून फोटो हवा होता, आणि मी मावशीला दोनच गोष्टी मागितल्या: गळा आणि पाय. तिने ते मनावर घेतलं. पुढचा फोटो आला तो टाकीच्या काठावर बसलेल्या पक्ष्याचा, एका पायाखाली सरडा दाबलेला. पिवळा, उघडा, लांबसा पाय. बोटं तीन पुढे, एक मागे, नख्या सरड्याच्या पोटात. पांढुरक्या गळ्याच्या मधोमध एक बारीक काळपट रेघ, बॉलपेनने ओढल्यासारखी. छातीवर तपकिरी थेंब, खाली सरकत ओळींत मांडलेले. डोळा पिवळा.

गळ्यावरची ती रेघ या सगळ्यात कामाची, पण ती एकटी पुरत नाही, कारण ती आणखी काहींनाही असते, आणि इथे त्यातल्या दोघांचा विचार करायला हवा होता. एक तिसा. हा माळरानाचा आणि उघड्या शेतांचा पक्षी, वाईच्या पूर्वेला पाऊस कमी होत जातो तिथे दिसायला हरकत नाही. त्याच्या पांढऱ्या गळ्यावर मध्ये एक रेघ असते, पण गालांवरून उतरणाऱ्या आणखी दोन असतात, आणि पंख इतके लांब की मिटल्यावर शेपटीच्या टोकाजवळ जातात. आकारही शिक्र्याच्या दीडपट. तो गळला. दुसरा बेसरा, आणि त्याला इतक्या सहज वाटेला लावता येत नाही. बेसरा घाटातल्या दाट झाडीचा. एरवी गावातल्या फोटोत त्याचा विचार करायची गरज नसते, पण वाईहून पसरणीचा घाट चढायला लागलं की पाचगणी-महाबळेश्वरचं जंगल सुरू होतं, आणि यंदाचं पिल्लू भरकटून खाली यायला तेवढं अंतर फार नाही. म्हणून ठिकाणावरून नाही, अंगावरूनच ठरवायला हवं होतं. बेसऱ्याच्या गळ्याची रेघ जाड, पट्टाच म्हणावा अशी असते, छातीवरचे फराटे दाट आणि ठसठशीत, आणि शेपटीवरचे गडद पट्टे मधल्या फिकट जागेएवढेच रुंद. टाकीवरच्या पक्ष्याची रेघ बारीक आणि शेपटीचे गडद पट्टे फिकट जागेपेक्षा अरुंद. हे दुसरं लक्षण पहिल्या, भिंतीवरच्या फोटोतही बघता येत होतं. तिथेही तसंच.

उत्तर आशिया आणि हिमालयाकडून हिवाळ्यात येणारा चिमण्या मारणारा लहान बाजही शिक्र्यासारखाच दिसतो, पण तो ऑगस्टमध्ये वाईत नसतो. त्याच्या गळ्यावर मधली रेघ नसते, आणि पिल्लाच्या छातीवरही उभे थेंब नसतात, आडव्या रेघा असतात. त्याच्यावर जास्त वेळ घालवला नाही.

तेव्हा निर्णय: भिंतीवरचा आणि टाकीवरचा पक्षी शिक्रा, यंदाच घरट्यातून उडालेला. शिक्र्यांची घरटी साधारण मार्च ते जूनमध्ये असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये स्वतः शिकार शिकत फिरणारं पिल्लू दिसणं वेळेत बसतं. मादी नरापेक्षा मोठी असते, पण एकट्या बसलेल्या पक्ष्याच्या फोटोवरून नर की मादी हे मी सांगणार नाही. मोठ्या नराचे डोळे लालभडक होतात, पण पिल्लांत दोघांचे पिवळेच. पूर्वी बाज पाळणारे शिकारी मोठ्या मादीला शिक्रा म्हणत, नराला चिपका.

आता कोंबडीची पिल्लं. मावशीचा खरा प्रश्न हाच होता आणि मला त्याला 'पावशा निर्दोष, शिक्रा दोषी' इतकं सरळ उत्तर देता आलं नाही. पावशा निर्दोष हे नक्की: तो अळ्या, किडे आणि थोडीफार फळं खातो, केसाळ अळ्यासुद्धा. शिक्रा मुख्यतः सरडे, उंदीर, टोळ, लहान पक्षी, कधी खार उचलतो, आणि संधी मिळाली तर कोंबडीचं पिल्लूही. मावशीने सांगितलेल्या तीन घटना वेगवेगळ्या विचारल्या. एक पिल्लू दुपारी, मावशी कपडे वाळत घालत असताना गेलं: कोंबडी ओरडली, झपाट्याने काहीतरी जमिनीलगत गेलं. हे शिक्र्यावर टाकायला हरकत नाही, तो तसाच खालून, आडोशाने येतो. दुसरं गेलं ते कधी, कुणालाच माहीत नाही. तिसरं मात्र रात्री खुराड्यातून गेलं, दाराची कडी नीट बसली नव्हती. रात्री शिक्रा झाडावर झोपलेला असतो. ते काम मांजराचं किंवा उदमांजराचं. टाकीमागे मावशीला पिसांचा ढीग सापडला होता, तो तिने पिल्लाचा समजून फोटो काढून ठेवला होता. त्यात एक पांढऱ्या टोकाचं शेपटीचं पीस होतं. साळुंकीचं. शिक्रा सावज खाण्याआधी पिसं उपटतो, त्यामुळे ढीग त्याचाच असावा, पण तो कोंबडीच्या पिल्लाचा पुरावा नाही.

गलोलीबद्दल स्पष्ट बोलले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे शिक्र्याला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे, आणि तो कायदा बाजूला ठेवला तरी उंदरांचा हा फुकटचा राखणदार घालवण्यात शहाणपण नाही. "तुमच्या धान्याच्या कणगीला विचारा," असं काकांना म्हटलं तर ते हसले, गलोल पुन्हा माळ्यावर गेली.

उपाय खुराड्याचाच होता. काकांनी पुढच्या मोकळ्या जागेवर बारीक जाळी ताणली, वरूनही, आणि कडी बदलली. पिल्लं पंखात भरेपर्यंत दिवसा जाळीत आणि सांजेला डालग्याखाली, असं मावशीने ठरवलं. शिक्रा त्यानंतरही येत राहिला, सरडे टाकीवर आणून खात राहिला. नातवाने नोंद केली ती दोन वेगळ्या पक्ष्यांची, प्रत्येकासोबत त्याचाच फोटो. ॲपने पावशाच्या फोटोला शिक्रा म्हटलं होतं, ते त्याने हाताने दुरुस्त केलं.

जाळी लागल्यापासून एकही पिल्लू गेलेलं नाही. काका म्हणतात, बघा, शिक्राच होता. पण त्यावरून तसं ठरत नाही. जाळी शिक्र्याला अडवते तशीच मांजरालाही अडवते, आणि कडी तर फक्त मांजरासाठीच बदलली होती.